वाचकांचे प्रश्न : टोचणारे स्पीकर आणि अॅम्प्लिफायरची निवड

या वेळी मराठवाड्यातून आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. स्पीकर चांगले घेतले, पण ट्रेबल (आवाजातला उंच, बारीक भाग) कानाला टोचतो. मग अॅम्प कोणता जोडावा? म्हणून हे सदर त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : हॉलमध्ये अॅल्युमिनियम डोम ट्वीटरचे (ट्वीटर म्हणजे ट्रेबल वाजवणारा छोटा स्पीकर) बुकशेल्फ स्पीकर आहेत, ८ ओहम, ८७ डेसिबल. अॅम्प ५० वॅटचा आहे. गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ फार टोचतात. दुकानदार म्हणतात, तुमचा अॅम्प ‘ब्राइट’ (उजळ, ट्रेबल पुढे आणणारा) आहे, ‘वॉर्म’ (मवाळ) अॅम्प घ्या. साठ हजार घालावेत का?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आत्ताच नको. धडधाकट ट्रान्झिस्टर अॅम्प २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत फार तर अर्धा डेसिबल इकडेतिकडे होतो. तुम्हाला टोचणारे ‘स’-‘श’ साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये असतात. उजळ बांधणीचा स्पीकर तिथे सहज ३-४ डेसिबल वर असतो आणि मोकळ्या भिंतींवरून परतणारा आवाज त्यात आणखी भर घालतो. अर्ध्या डेसिबलचं औषध चार डेसिबलच्या दुखण्याला पुरत नाही.

अॅम्पमुळे ट्रेबल खरोखर बदलतो तो मोजक्याच कारणांनी : त्यावरचे टोन कंट्रोल, त्याचा आउटपुट इम्पिडन्स (आउटपुटच्या वाटेतला अंगचा रोध) जास्त असणं, ताकद कमी पडून आवाज कापला जाणं (म्हणजे क्लिपिंग), किंवा सरळ बिघाड. तुमच्या बाबतीत तपासायचं ते क्लिपिंग. हिशोब असा : १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल. तीन मीटरवर बसलात तर मोकळ्या मैदानात साडेनऊ डेसिबल कमी झाले असते, खोलीत सहाच्या आसपास होतात. दोन स्पीकरचे ३ मिळवा. म्हणजे १ वॅटला तुमच्या कानाशी सुमारे ८४. तबल्याची थाप किंवा तार सप्तकातली तान १०० डेसिबलच्या शिखरावर न्यायची तर १६ डेसिबल हवेत, म्हणजे दर बाजूला ४० वॅट. तुमचे ५० वॅट घरगुती ऐकण्याला पुरतात, पण फार मोठ्याने लावलं तर काठावर येतात.

कसं ओळखायचं? गप्पा मारता येतील इतक्या आवाजातही टोचत असेल तर क्लिपिंगचा संबंध नाही. फक्त मोठ्या आवाजात टोचत असेल तर स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा. ८ ओहमला ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट आरएमएस, शिखर २८ व्होल्ट. संगीताची शिखरं सरासरीच्या चार-पाच पट असतात, त्यामुळे मीटर ५-६ व्होल्ट दाखवत असतानाच अॅम्प वरच्या टोकाला टेकलेला असू शकतो. तसं असेल तर ‘वॉर्म’ नव्हे, १०० वॅटचा अॅम्प बघा, तोही ४ ओहमला किती वॅट देतो हे लिहिलेला. आठ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर काही पट्ट्यांत ४ च्या खाली उतरू शकतो, आणि कमजोर सप्लायचा अॅम्प नेमका तिथे दम सोडतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, हेही लक्षात असू द्या.

दुकानात दोन अॅम्पची तुलना करणार असाल तर आधी पातळी जुळवा. १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावून टर्मिनलवर दोन्हीकडे २ व्होल्ट आणा. फरक दोन शतांश व्होल्टच्या आत हवा. हे केलं नाही तर जो अॅम्प किंचित मोठा वाजतो तोच ‘उघडा’ आणि ‘गोड’ वाटतो. बरीचशी विक्री याच्यावरच होते.

तोवर बिनपैशाचे उपाय करा. स्पीकरची तोंडं थेट कानाकडे असतील तर बाहेर फिरवा. एक इंची डोम ३० अंश बाजूने ऐकला तर १५ किलोहर्ट्झजवळ दोन-तीन डेसिबल उतरतो. भिंतीपासून फार लांब ठेवलेला छोटा स्पीकर बासमध्ये दुबळा पडतो आणि त्यामुळेच जास्त तिखट भासतो. मागची भिंत २०-२५ सेंटिमीटरवर येईल असा सरकवा. मग ट्रेबलचं बटण २ डेसिबल खाली. टोन कंट्रोलला हात लावणं म्हणजे कमीपणा, असा एक समज शौकिनांत आहे. त्याला काही आधार नाही.

प्रश्न : अंबाजोगाईच्या जुन्या माळवदाच्या घरात याच सेटवर आवाज सुरेख होता. लातूरला फ्लॅटमध्ये आणल्यावर तोच सेट कर्कश झाला. अॅम्प प्रवासात बिघडला असेल का?
— वाचक, लातूर

उत्तर : अॅम्पचा काही दोष नाही. माळवदाच्या खोलीत मातीचा खडबडीत गिलावा, कोनाडे, लाकडी खांब, तुळया आणि कोपऱ्यात गाद्यांची चळत असते. आवाज काही शोषला जातो, उरलेला विखुरतो. फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, पुट्टी मारलेल्या भिंती आणि वर स्लॅब. हे पृष्ठभाग ट्रेबलचा जेमतेम तीन टक्के शोषतात, बाकी सगळा परत पाठवतात.

आकड्यांत बघू. १२ बाय १५ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे ५१ घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून ८४ चौरस मीटर. सेबाइनच्या सूत्राने आवाज विरण्याचा काळ ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण. शोषण म्हणजे आवाज पूर्ण गिळणारा पृष्ठभाग किती चौरस मीटर, ते. रिकाम्या खोलीत ८४ च्या तीन टक्के, म्हणजे शोषण अडीच चौरस मीटर, म्हणजे काळ ३.३ सेकंद. सोफा, दोन माणसं, पातळ पडदे धरून शोषण साडेआठपर्यंत जातं आणि काळ एका सेकंदाजवळ येतो. संगीत ऐकायला अर्धा सेकंद हवा. त्यासाठी शोषण १६ च्या वर लागतं. म्हणजे आणखी आठ चौरस मीटर कुठून तरी आणायचे.

स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये ६ बाय ९ फुटांची जाड सतरंजी किंवा गालिचा टाकला की साधारण २ मिळतात. एका भिंतीवर १० बाय ८ फुटांचा जाड पडदा, कापड रुंदीच्या दुप्पट घेऊन चुण्या घातलेला, साडेचारच्या आसपास देतो. उरलेले दीड-दोन रॉकवूलच्या तीन पॅनलमधून. ५० मिलिमीटर जाडीचा, घनमीटरला ४८ किलो घनतेचा स्लॅब, १ मीटर बाय ६० सेंटिमीटर, दोन इंची लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवा. चौकट भिंतीपासून दोन इंच सुटी टांगा. ती पोकळी मध्यम पट्ट्यातलं शोषण वाढवते. स्लॅबवर आधी पातळ नॉनवोवन कापड गुंडाळा, म्हणजे तंतू उडत नाहीत. काम करताना मास्क आणि हातमोजे घालाच. वरच्या कापडाला ओठ लावून फुंकर मारून बघा. हवा आरपार गेली तर ते कापड चालतं. एका वाचकाने हिमरूचं कापड लावू का, असं विचारलं होतं. दिसायला देखणं, पण घट्ट विणीचं. फुंकर पलीकडे जात नाही तिथे ट्रेबलही बराचसा बाहेरूनच परततो.

पॅनल कुठे? तुम्ही बैठकीवर बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात ट्वीटर दिसला ती जागा. डावीकडे एक, उजवीकडे एक, तिसरं पाठीमागे.

रॉकवूल मिळत नसेल तर तीन इंची कापसाची गादी उभी टांगली तरी काम होतं. आपल्याकडे कापूस पिंजून गादी भरून देणारे अजून गावोगाव आहेत. फक्त वाळवीपासून जपा. अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका. पातळ पुठ्ठा फारसं काही शोषत नाही आणि पेट लवकर घेतो. उलट टोकाची चूकही होते : सगळीकडे पातळ गालिचे आणि पातळ फोम लावला की ट्रेबल मरतो आणि खाली घुमणं तसंच राहतं. जाडी महत्त्वाची.

प्रश्न : घर रंगवल्यावर सगळं पुन्हा जोडलं. तेव्हापासून बास गायब आणि आवाज पातळ, चिरका.
— वाचक, हिंगोली

उत्तर : एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या आहेत, असा आमचा पक्का अंदाज. दोन वूफर (बास वाजवणारे मोठे स्पीकर) एकमेकांविरुद्ध ढकलतात, बास आपसात कटतो आणि उरतो तो ट्रेबल. तारा अॅम्पपासून सोडवा आणि त्या मोकळ्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलचं प्लस लाल तारेला. दोन्ही वूफर बाहेरच्या दिशेने हलले पाहिजेत. एक आत गेला तर त्याच्या तारा अदलाबदल करा.

प्रश्न : स्थानिक मिस्त्रीकडून असेंबल केलेला अॅम्प आहे. ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरचा बोर्ड, २४-०-२४ ट्रान्सफॉर्मर, पुढे ४५५८ आयसीचं बास-ट्रेबल किट. कॅबिनेटमध्ये पिझो ट्वीटर आहेत. आवाज फार तिखट, आणि काही वाजत नसतानाही हीटसिंक गरम लागतो. मिस्त्री म्हणतात, ट्वीटर बदला.
— वाचक, जालना

उत्तर : ट्वीटर नंतर बघू. काही न वाजता हीटसिंक तापतो याचे अर्थ दोन : बायस (ट्रान्झिस्टरमधून कायम वाहता ठेवलेला थोडा करंट) जास्त आहे, किंवा अॅम्प कानाला न ऐकू येणाऱ्या उंच कंपनात ऑसिलेट होतो आहे. दुसरं जास्त संभवतं, कारण पिझो ट्वीटर हा मुळात कपॅसिटरच असतो आणि असा भार थेट जोडला की पुष्कळसे असेंबल बोर्ड बिथरतात.

हे सगळं अंगावर येणाऱ्या विजेचं काम आहे, सवय नसेल तर मिस्त्रीसमोर बसून करून घ्या. स्पीकर काढा. मेन्स सप्लाय १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा, तसाच उजळ राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा : ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या वर संशय घ्या, आणि एखाद-दोन व्होल्ट असतील तर स्पीकर जोडूच नका. मग सिरीज बल्ब काढून, दहा मिनिटं तापू देऊन, आउटपुट ट्रान्झिस्टरच्या ०.२२ ओहम एमिटर रेझिस्टरवर व्होल्टेज बघा. ५ ते १५ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २५ ते ७० मिलिअँपिअर बायस, योग्य. शून्य असेल तर तो वेगळा रोग. हीटसिंक तापू नये म्हणून काही जण बायस पूर्ण उतरवून देतात, मग कमी आवाजातच खरखर आणि तिखटपणा येतो. मोठ्या आवाजात तो झाकला जातो.

आता बोर्डच्या आउटपुटला १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांची जोडी शोधा. तिला झोबेल म्हणतात, ती असं ऑसिलेशन आवरते. ती जागा रिकामी असेल तर भरून घ्या : १० ओहम २ वॅट, ०.१ मायक्रोफॅरड १०० व्होल्ट पॉलिस्टर. जोडी असेल आणि गाणं बंद असतानाही तो १० ओहमचा रेझिस्टर चटका देत असेल किंवा काळा पडला असेल, तर ऑसिलेशन निश्चित समजा. इनपुटची वायर शील्डची घ्या, ट्रान्सफॉर्मरपासून लांब न्या, आणि सगळे ग्राउंड फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या एकाच बिंदूवर आणा. प्रत्येक पिझोच्या मालिकेत ४७ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर टाका. अॅम्पही शांत होतो आणि पिझोचं वरचं टोकही थोडं बोथट होतं.

यानंतर बास-ट्रेबल किट वगळून सिग्नल थेट व्हॉल्यूम कंट्रोलला देऊन ऐका. या किटचे कंट्रोल मधल्या खुणेवर ठेवले म्हणजे सपाट असतीलच असं नाही. कित्येकांत तिथेही ट्रेबल चढलेला असतो. किट वगळल्यावर आवाज निवळला तर दोषी सापडला. ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आली तर विश्वासाच्या दुकानातून घ्या, ५२००-१९४३ च्या नकला बाजारात भरपूर आहेत.

आणि कॅबिनेटवर कितीही वॅट लिहिलेले असोत, २४-०-२४ मधून भाराखाली ३० व्होल्टच्या आसपास रेल (बोर्डला मिळणारा डीसी सप्लाय) मिळते, तीतून ८ ओहमला ४५ वॅट निघतात. घराला तेवढे पुष्कळ झाले.

प्रश्न : व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अॅम्प लावला की कर्कश स्पीकर मऊ होतात, असं सगळीकडे वाचतो. खरं का?
— वाचक, नांदेड

उत्तर : कधी मऊ होतात, कधी आणखी कर्कश. ट्रान्झिस्टर अॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स दशांश ओहमच्या आत असतो. फीडबॅक नसलेल्या सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह अॅम्पचा २-३ ओहम असू शकतो. तेवढा इम्पिडन्स स्पीकरच्या मालिकेत आला की स्पीकरच्या इम्पिडन्सचा आलेख जसा वरखाली जातो तसा आवाजही जातो. २ ओहम धरा : स्पीकर जिथे ४ ओहम आहे तिथे आवाज साडेतीन डेसिबल पडतो, जिथे १६ आहे तिथे एकच. फरक अडीच डेसिबल, स्पष्ट ऐकू येण्याजोगा.

आता बहुतेक दोन-मार्गी स्पीकरचा इम्पिडन्स क्रॉसओव्हरजवळ (जिथे आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटला जातो), १ ते ३ किलोहर्ट्झला, उंचवटा घेतो. म्हणजे व्हॉल्व्ह अॅम्पवर नेमका कानाला संवेदनशील पट्टा पुढे येईल. उलट ज्याचा इम्पिडन्स वरच्या टोकाला घसरतो, तो स्पीकर मऊ वाटेल. म्हणून तुमच्या मॉडेलचा इम्पिडन्स आलेख बघितल्याशिवाय पैसे गुंतवू नका. शिवाय असे अॅम्प ८-१० वॅटचे असतात. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ते अपुरे. ९३-९४ डेसिबलच्या पुढचे स्पीकर असतील तर विचार करा.

प्रश्न : स्पीकरलाच काही करून ट्रेबल एक-दोन डेसिबल उतरवता येईल का? पेटी उघडायची नाही.
— वाचक, परभणी

उत्तर : मागे टर्मिनलच्या दोन जोड्या (बाय-वायर) असतील तर दहा मिनिटांचं काम आहे. अॅम्प बंद करा. अॅम्पकडून येणारी तार खालच्या जोडीला ठेवा. दोन लाल टर्मिनलांना जोडणारी पितळी पट्टी काढा, काळ्यांमधली राहू द्या. त्या दोन लालांमध्ये १ ओहम १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर जोडा. ट्वीटरचा भाग ८ ओहमचा असेल तिथे १ डेसिबल उतरेल, ४ ओहमला उतरत असेल तिथे जवळपास २. दोन-चार दिवस ऐका. कमी वाटलं तर १.५, मग २.२ ओहम; ८ ओहमला २.२ म्हणजे २ डेसिबल. त्यापुढे जाऊ नका, क्रॉसओव्हरचा बिंदू सरकायला लागतो आणि मधला पट्टा खराब होतो. दोन्ही स्पीकरना सारखाच रेझिस्टर. नाही आवडलं तर पट्टी परत बसवा, वॉरंटीला धक्का नाही.

एकच जोडी असेल तर पेटी उघडावी लागते. मग क्रॉसओव्हर आणि ट्वीटर यांच्या मध्ये दोन रेझिस्टरांचा एल-पॅड बसवतात. ८ ओहमच्या ट्वीटरला २ डेसिबलसाठी मालिकेत १.६ आणि ट्वीटरला समांतर ३० ओहम, ३ डेसिबलसाठी २.४ आणि २० ओहम. याने क्रॉसओव्हरला दिसणारा भार ८ ओहमच राहतो, म्हणून तांत्रिकदृष्ट्या ही रीत सरस.

प्रश्न : टीपीए३११६ चिपचा छोटा क्लास-डी अॅम्प घेतला. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावलाय. आवाज थोडा वाढवला की चिरतो. क्लास-डी असाच असतो का?
— वाचक, धाराशिव

उत्तर : अडॅप्टर बदला. १२ व्होल्टवर हा चिप ८ ओहमला जेमतेम ७ वॅट स्वच्छ देतो, पुढे सगळं कापलेलं. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर १९ वॅटच्या आसपास, २४ व्होल्टवर ३०. चिपची मर्यादा २६ व्होल्ट आहे. २४ लावण्याआधी बोर्डवरचे मोठे कपॅसिटर बघा : २५ व्होल्टचे असतील तर १९ वरच थांबा, ३५ चे असतील तर हरकत नाही.

अशा स्वस्त बोर्डांचा आउटपुट फिल्टर ४ ओहमला जुळवलेला असेल तर ८ ओहमवर ट्रेबल चढतो हेही खरं, पण तो फरक २० किलोहर्ट्झजवळ एक-सव्वा डेसिबलचा, १० ला किरकोळ. तुमचा त्रास त्यातला नाही.

प्रश्न : रात्री व्होल्टेज १९० पर्यंत येतं, लाइट गेली की इन्व्हर्टर. दोन्ही वेळा आवाज कडक होतो असं वाटतं. भ्रम आहे का?
— वाचक, बीड

उत्तर : पहिला बराचसा भ्रम, दुसरा नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅम्पमध्ये २३० चे १९० झाले की रेल १७ टक्के उतरते, ५० वॅटचे ३४ होतात. ऐकायला वाईट वाटतं, पण हा फरक १.७ डेसिबलचाच, माफक आवाजात कळणारही नाही.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. अॅम्पचे फिल्टर कपॅसिटर लहरीच्या शिखरापर्यंत भरतात. २२० व्होल्टच्या साइन लहरीचं शिखर ३११ असतं, चौकोनी लहरीचं २२०. रेल ३० टक्के उतरते आणि ताकद निम्मी होते. त्यावर त्या लहरीच्या धारदार कडांमुळे ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि ट्वीटरमधून बारीक भुणभुण येते. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, नाहीतर लाइट येईपर्यंत अॅम्प बंद ठेवा. अर्थिंगही तपासा, तिसरी पिन नावालाच असलेली घरं कमी नाहीत.

प्रश्न : सिनेसंगीत छान वाजतं, पण भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ सुरू झाले की उठून आवाज कमी करावा लागतो. कोणता अॅम्प टाळ सांभाळेल?
— वाचक, उदगीर

उत्तर : कोणताही नाही. टाळाची ऊर्जा भरपूर उंच पट्ट्यात असते, आणि पुष्कळ रेकॉर्डिंगमध्ये माइक टाळकऱ्यांच्या अगदी जवळ असतो. देवळात तुम्ही दहा-पंधरा फुटांवर बसता, माइक दोन फुटांवर. हार्मोनियमचंही थोडं तसंच. सिनेसंगीत नीट वाजतं याचा अर्थ सेट ठीक आहे; भजनापुरता ट्रेबल ३ डेसिबल खाली घ्या, नंतर परत वर. फोनवरून ऐकत असाल तर पॅरामेट्रिक इक्वलायझरच्या अॅपमध्ये ४ किलोहर्ट्झपासून वर ३ डेसिबल उतरणारा हाय-शेल्फ करून ‘भजन’ नावाने साठवून ठेवा.

प्रश्न : ए.व्ही. रिसीव्हरवर ऑडिसीचं (माइकने खोली मापून आवाज जुळवणारी सोय) कॅलिब्रेशन केल्यावर स्टीरिओ जास्तच उजळ झाला.
— वाचक, सेलू

उत्तर : सेटिंग ‘फ्लॅट’वर असेल, ‘रेफरन्स’ करा. रेफरन्समध्ये वरचा ट्रेबल हलकेच उतरवलेला असतो. मापताना माइक सोफ्याच्या पाठीला चिकटवू नका, कानाच्या उंचीवर स्टँडवर ठेवा आणि पंखा बंद करा.

प्रश्न : महागड्या केबलने टोचणं कमी होईल का? आणि नवे स्पीकर २०० तास वाजवल्यावर मऊ होतात, हे?
— वाचक, माजलगाव

उत्तर : तासांनी बदलतो तो मुख्यतः तुमचा कान, वूफरचं सस्पेन्शन थोडं सैल होतं, ट्वीटर जवळपास तसाच राहतो. परत करायची मुदत असेल तर ती संपण्याआधी ठरवा.

केबलला घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर पुरे. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.०८ ओहम होतात, ४ ओहमच्या भारावर दोन दशांश डेसिबलही जात नाही. विकत घेताना टोक चाकूने खरवडून बघा. आत रुपेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असण्याची शक्यता जास्त. रोध जास्त, आणि स्क्रूखाली काही महिन्यांत सैल पडतं. कथिलाचा मुलामा असलेलं तांबंही वरून रुपेरीच दिसतं, पण खरवडल्यावर आत लाल निघतं. ते चालेल.